अंगावरचीं गांवें

आमच्या घरीं दूध घालणारा गवळी एके दिवशीं सकाळीं छातीवर न्यूयॉर्क शहर घेऊन आमच्या दारांत उभा राहिला. डाव्या हातांत किटली, उजव्या हातांत माप, कानांवरून मफलर गुंडाळलेला, आणि मळकट पांढऱ्या टी-शर्टावर ठसठशीत काळ्या रोमन अक्षरांत त्या शहराचें नांव! नांवाखालीं उंच इमारतींची एक रांग होती आणि त्या इमारतींवर दुधाचे दोन ओघळ वाळले होते. रोजचा पाहिलेला मनुष्य एकाएकीं नव्यानें दिसावा तसें आम्हांस झालें. त्याचें कारण उघड आहे. आमचे चिरंजीव गेलीं अकरा वर्षें त्या शहरांत राहतात. ज्याचें नांव आमच्या घरांत दिवसांतून दहा वेळां निघतें, जेथील थंडीवाऱ्याची चौकशी आमच्या सौभाग्यवती साताऱ्याचें आभाळ पाहण्यापूर्वीं करतात, तें शहर गवळ्याच्या अंगावर बसून भल्या पहाटे आमच्या उंबऱ्याशीं आलेलें पाहून आम्हांस हंसूं आलें. आणि हंसूं ओसरल्यावर कांहीं वेळ उगाच चुकल्याचुकल्यासारखें वाटलें.

गवळी खालीं मान घालून दूध मापीत होता. तेवढ्यांत आम्हीं खिशांतील मोबाईल काढून त्याचें छायाचित्र टिपलें आणि चिरंजीवांकडे धाडून दिलें. उत्तर तत्काळ आलें : “बाबा, हा तर आमच्या इथला! आणखी पाठवा.”

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांस सांगावयास नको कीं, अशा घरांत बोलण्याचे विषय वर्षागणिक आटत जातात. जेवलास का, थंडी आहे का, गुडघा कसा आहे, पाऊस झाला का, एवढें झालें कीं दोन्हीकडे शांतता पसरते, आणि ती शांतता लपविण्यासाठीं कोणीतरी “आवाज तुटतोय” असें म्हणतो. त्या गवळ्यानें आम्हां बापलेकांस एक नवा विषय दिला. आम्हीं तो अधाशासारखा उचलला.

तेव्हांपासून आमची नजर लोकांच्या तोंडाकडे न जातां छातीकडे जाऊं लागली. मोती चौकांत पॅरिसचा मनोरा छातीवर मिरविणारा एक हमाल आम्हांस भेटला. त्याच्या पाठीवर साखरेचें पोतें होतें व पोत्याच्या भारानें तो मनोरा पुढें वांकला होता. पोवई नाक्यावर एक गवंडी मायामीच्या समुद्रकांठचीं नारळाचीं झाडें अंगावर वागवून सिमेंट कालवीत होता. राजवाड्यासमोरील चौपाटीवर दहा-अकरा वर्षांची एक पोर लंडनची लाल दुमजली बस पोटावर घेऊन भेळ खात उभी होती. सांगली ही आमची सासुरवाडी; तेथें जाणें-येणें नेहमींचें. तेथील हळदीच्या बाजारांत आम्हांस एक पोरगा दिसला. त्याच्याही अंगावर पॅरिसच होतें. परंतु दिवसभर हळदीच्या पोत्यांत वावरल्यामुळें मूळचा पांढरा सदरा पिवळा जर्द झाला होता, आणि तो लोखंडी मनोरा सोन्याच्या पत्र्यानें मढविल्यासारखा दिसत होता. आष्ट्याच्या वाटेवर एका फडांत बीडकडून आलेली ऊसतोड करणारी बाई होती. पाचटीचीं पातीं हातांस कापूं नयेत म्हणून या बाया लुगड्यावरून पुरुषी, लांब बाह्यांचा सदरा घालतात. तिच्या सदऱ्यावर लॉस एंजेलिस होतें. तिनें मोळी उचलली कीं तें शहर आडवें होई व मोळी गाडींत टाकली कीं पुन्हां उभें राही.

कांहींजणांस आम्ही धीर करून विचारीत असूं, “यावर काय लिहिलें आहे?” उत्तरें साधीं असत. कोणी म्हणे, “रंग चांगला होता.” कोणी म्हणे, “दोन घेतल्यावर एक फुकट होता.” हळदीच्या बाजारांतील पोरगा म्हणाला, “कंपनीचं नाव असेल.” आम्ही हीं उत्तरेंही चित्रांसोबत चिरंजीवांस कळवीत असूं आणि ते तिकडून हंसत.

या प्रकाराचा थोडा शोधही आम्हीं घेतला. ज्या चिन्हांत ‘न्यूयॉर्क’ या नांवाचीं दोनच अक्षरें असून प्रीतीच्या जागीं लाल हृदय आहे, तें मिल्टन ग्लेझर नांवाच्या चित्रकारानें काढिलें. त्या वेळीं तें शहर दिवाळखोरीच्या काठावरून नुकतेंच मागें ओढलें गेलें होतें, गुन्हेगारी माजली होती, प्रवासी येईनात; म्हणून १९७७ सालीं त्या राज्यानें प्रवाशांस बोलावण्याची मोहीम काढली. टॅक्सींत बसल्याबसल्या ग्लेझरनें एका चिठोऱ्यावर लाल खडूनें तें चिन्ह रेखाटलें आणि त्याचा मोबदला घेतला नाहीं. तो चिठोरा पुढें तेथील आधुनिक कलेच्या संग्रहालयांत गेला. म्हणजे आज जगभर जें चिन्ह ऐश्वर्याची निशाणी म्हणून अंगावर चढतें, तें मुळांत एका कंगाल व भ्यालेल्या शहरानें “आम्हांस टाकूं नका” म्हणून घातलेली साद होती. हें वाचल्यावर आमच्या गवळ्याचा सदरा आम्हांस थोडा निराळा दिसूं लागला.

हे सदरे न्यूयॉर्काहून येत नाहींत हें सांगणें नकोच. तामिळनाडूंतील तिरुप्पूर हें विणलेल्या कपड्यांचें मोठें ठाणें आहे; तेथून परदेशांसाठीं अगणित माल शिवून जातो, आणि जो जादा ठरतो किंवा ज्यांत कोठें टांका चुकतो तो हातगाड्यांवरून आपल्याकडे उतरतो. शिवणाऱ्यानें तें शहर पाहिलेलें नसतें, विकणाऱ्यानें पाहिलेलें नसतें आणि घालणाऱ्यानेंही पाहिलेलें नसतें.

आमच्या हंसण्यास पहिला धक्का दिला तो आमच्या सौभाग्यवतींनीं. त्या एके दिवशीं कपाट आवरीत होत्या. त्यांच्या आजीचें एक जुनें लुगडें त्यांनीं झटकून खाटेवर पसरलें. काळसर अंग, तांबडा रेशमी पदर, त्यावर पांढऱ्या रेषा. सांगली-मिरजेकडील ज्या घरांत एखादी आजी नांदली असेल त्या घरीं हें वस्त्र ओळखीचें असेल. आम्ही सहज म्हणालों, “इरकलच ना?” त्या म्हणाल्या, “हो, आणि चोळी गुळेदगुड्डच्या खणाची. आजी जन्मांत कधी इलकलला गेली नाही आणि गुळेदगुड्डलाही नाही. तिचा फोटो काढून कुणाला पाठवला असता का तुम्ही?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. खरोखर, मनुष्य गांवांचीं नांवें अंगावर घालीत आला आहे तो आजकाल नव्हे. लग्नांतील शालू बनारसचा, ठेवणींतली पैठणी पैठणची, उन्हाळ्याचें लुगडें महेश्वराचें किंवा चंदेरीचें, पायांत कोल्हापूर आणि डोक्यावर पुणें. इंग्रजी भाषेंत सुती कापडास कॅलिको म्हणतात तें कालिकताच्या नांवावरून. आणि ज्या जीन्सवांचून आतां एकही कॉलेज भरत नाहीं तिच्या नांवांत इटलींतील जिनोआ बंदर दडलें आहे. इतकेंच काय, इंग्रज मजूर जो जाडाभरडा पोषाख घालून कारखान्यांत राबला त्याचें ‘डंगरी’ हें नांव मुंबईच्या डोंगरी भागावरून पडलें आहे. त्या मजुरांस हटकून, “बाबारे, तुझ्या अंगावर कोणतें गांव आहे तें तुला ठाऊक आहे काय?” असें विचारीत कोणी फिरला असेल असें वाटत नाहीं. आमच्या विनोदाचा सगळा कस एवढाच होता कीं, अंगावरचीं अक्षरें आम्हांस वाचतां येत होतीं आणि घालणाऱ्यास तीं येत नव्हतीं. शिकलेल्या माणसाची ही चैन फार जुनी आहे, आणि तींत शोभण्यासारखें कांहीं नाहीं.

शिवाय आम्हांस तरी तीं नांवें कितीशीं वाचतां येत होतीं? राजवाड्यासमोर त्या पोरीच्या पोटावर लंडन पाहून आम्ही हंसलों, तें ठिकाण कोणतें? त्याच साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांस इंग्रजांनीं १८३९ सालीं गादीवरून काढून काशीस धाडिलें. त्यांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी लंडनास गेले आणि तेरा-चौदा वर्षें तेथील दारें ठोठावीत राहिले. १८४७ सालीं महाराज काशीस वारले, १८४८ सालीं सातारचें राज्य खालसा झालें, तरी त्यांनीं लंडन सोडलें नाहीं. १८५३ सालीं ते रित्या हातांनीं परतले. ‘लंडन’ हीं अक्षरें या शहरास परकीं नाहींत. त्यांची किंमत येथें कोणीतरी आयुष्य वेंचून चुकती केलेली आहे. ती पोर तें जाणत नव्हती हें खरें. पण भेळेच्या गाडीआडून तिचें छायाचित्र टिपतांना आम्हांस तरी तें कोठें आठवलें होतें?

एवढें कळूनही आमची संवय सुटली नाहीं. चिरंजीवांचा “आज कांहीं सांपडलें का?” हा प्रश्न रोज येई, आणि तो येत राहावा अशी आमची इच्छा असे. विचारानें सुटली नाहीं ती संवय सांगलीच्या पुरांत सुटली.

२०१९ सालच्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी सांगलीस आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर चढलें. धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. १९२९ सालीं खुला झालेल्या या पुलानें पुष्कळ पूर पाहिले, परंतु २००५ च्या महापुराची रेघही या वेळीं पाण्याखालीं गेली. आमच्या मेहुण्यांच्या घरांत पुरुषभर पाणी होतें. वाट उघडतांच आम्ही उभयतां सांगलीस गेलों. घरांत घोटाभर चिखल. भिंतींवर पाण्याची रेघ. आणि त्या रेघेखालीं जें जें होतें तें तें सारें एकाच रंगाचें झालेलें. दुपारीं मेहुण्यांसमवेत आम्ही जवळच्या एका शाळेंत गेलों. तेथें आसपासच्या खेड्यांतील माणसें उतरलीं होतीं. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून मदतीचे ट्रक आले होते आणि एका वर्गांत जुन्या कपड्यांचा ढीग छताशीं भिडला होता.

ओटीवर एक वृद्ध शेतकरी घोंगडीवजा ब्लँकेटावर बसला होता. वय पंचाहत्तरीच्या पुढें. गुडघ्यापर्यंतचें धोतर, भरघोस पांढऱ्या मिशा, आणि अंगांत झगझगीत निळा टी-शर्ट. त्यावर आमचें शहर! लाल हृदय आणि तीं दोन अक्षरें. आमचा हात संवयीनें खिशाकडे गेला आणि आम्हीं मोबाईल वर केला. तेव्हां त्यानें आमच्याकडे पाहिलें, दोन्ही तळहात छातीवर आडवे धरून तीं अक्षरें झांकलीं, आणि अगदीं सौम्य आवाजांत म्हणाला, “पावणं, फोटू नगा काढू. ह्यो सदरा माजा न्हवं.”

आम्हीं हात खालीं घेतला. दोन-तीन वर्षांत आम्हीं चाळीस-पन्नास माणसांचीं छायाचित्रें टिपलीं होतीं, त्यांतील एकासही “काढूं का?” असें विचारलें नव्हतें. आमच्याच जिल्ह्यांत औंधास पंतप्रतिनिधींनीं उभारलेलें चित्रसंग्रहालय आहे. तेथील तसबिरी पाहतांना एक गोष्ट जाणवते. चित्रकारापुढें बसणारा मनुष्य आपण कसें दिसावें हें ठरवून बसलेला असतो; कोणतें पागोटें, कोणती शाल, हात कोठें. मनुष्याचा तो हक्क आहे. आम्हीं तो हक्क राजांस दिला आणि गवळ्या-गवंड्यांस दिला नाहीं.

शरमेनें आम्ही निघालों असतों, पण त्यानेंच बाजूस सरकून बसण्यास जागा केली. म्हणाला, “पेटीत दोन धोतरं हुती, तांबडा पटका हुता. पटक्यावर काढा की फोटू, मी कशाला न्हाई म्हनतोय.” मग छातीकडे बोट दाखवून त्यानें विचारलें, “काय लिवलंय ह्येच्यावर?”

“माझा मुलगा राहतो त्या गांवाचं नांव आहे. अमेरिकेंत.”

“मंजी सदरा तुमचाच म्हनायचा की!” असें म्हणून तो हंसला, पुढचे दोन दांत नव्हते. मग जरा थांबून म्हणाला, “ल्योक येतो का गावाकडं?”

“येतो. दोन-तीन वर्षांनीं एकदां.”

“माजा पुन्याला असतो. रस्ता बंद हाय म्हनून अडकलाय. न्हाईतर कवाच आला असता.”

आमच्याजवळ रस्ता बंद असल्याची सबब नव्हती. आम्ही गप्प बसलों. तो ज्या ब्लँकेटावर बसला होता तें चांचपून पाहत राहिलों. करड्या रंगाचें, खरखरीत, जागोजागीं निळा-तांबडा धागा डोकावणारें. अशीं ब्लँकेटें पानिपतास होतात. धनिक देशांनीं टाकलेले जुने गरम कपडे तेथें गठ्ठ्यांनीं येतात. त्यांचीं बटणें काढतात, रंगवार ढीग लावतात, यंत्रांत घालून चिंध्यांच्या चिंध्या करतात आणि त्यांतून पुन्हां सूत कातून ब्लँकेटें विणतात. पूर, भूकंप, वादळ आलें कीं तीं वांटलीं जातात. म्हाताऱ्याच्या अंगाखालीं न्यूयॉर्कातील कोणा अनोळखी माणसाचा हिंवाळी कोट असणें अगदीं अशक्य नव्हतें. पानिपत या शब्दानें मराठी मनुष्य १७६१ सालापासून सर्वस्व गमावणें समजत आला. त्याच गांवाची ऊब ज्यांचें सर्वस्व वाहून गेलें त्यांच्या पाठीवर येते. पण हें त्या म्हाताऱ्यास आम्ही सांगितलें नाहीं. त्यास त्याचा तांबडा पटका हवा होता. ब्लँकेटाचा इतिहास नको होता.

त्या रात्रीं चिरंजीवांस आम्हीं सारी हकीकत कळविली. चित्र नाहीं, नुसती हकीकत. त्यांचें उत्तर दोन दिवस आलें नाहीं. मग आलें तें असें. २०१२ पासून साताऱ्यास यवतेश्वराच्या घाटानें डोंगर चढण्याची अर्धी मॅरेथॉन भरते. मागें एकदां सुटींत आले असतां ते तींत धांवले होते, व तेथें मिळालेला टी-शर्ट ते तिकडे घालतात. भुयारी आगगाडींत समोर बसलेल्या एका बाईनें त्यांच्या छातीवरील अक्षरें जुळवून विचारलें, “सातारा म्हणजे काय?” ते म्हणाले, “गांवाचं नांव आहे.” तिनें विचारलें, “कसं आहे?” तेवढ्यांत तिचें स्थानक आलें आणि ती उतरून गेली. “बाबा,” त्यांनीं लिहिलें होतें, “स्टेशन आलं म्हणून सुटलों. कारण काय सांगायचं तें मला सुचत नव्हतं.”

हें वाचून आम्हीं एक गोष्ट ठरविली. दुसऱ्या दिवशीं साताऱ्यास परतल्यावर गवळ्यास दारांत थांबवून त्याचें तें जुनें छायाचित्र त्यास दाखविलें आणि न विचारतां काढल्याबद्दल माफी मागितली. त्यानें तें निरखून पाहिलें. त्यास राग आला नाहीं. त्याचें दुःख वेगळेंच होतें. “ह्यात मी दूध कमी मापतोय असं दिसतंय,” तो म्हणाला. “उद्या गोठ्यावर या. नीट काढा.”

आम्ही गेलों. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं त्याचा गोठा आहे. तो पांढरा शुभ्र सदरा, पायजमा व टोपी घालून तयार होता. म्हशीस धुवून तिच्या शिंगांस तेल लावलें होतें. कोठें उभें राहावयाचें, म्हशीची कोणती बाजू दिसावी, किल्ला मागें यावा कीं न यावा, हें सारें त्यानें ठरविलें. त्याच्या अंगावर एकही अक्षर नव्हतें. तें छायाचित्र आम्हीं पाठविलें तेव्हां न्यूयॉर्कास मध्यरात्र व्हायची होती. चिरंजीवांचा ताबडतोब फोन आला. “बाबा, हा तोच ना? मागं किल्ल्यावर झाडी केवढी वाढलीय! आणि ती वाट अजून आहे का, आपण वर जायचों ती?” वाट आहे कीं नाहीं हें आम्हांस नक्की सांगतां येईना, कारण आम्हीही पुष्कळ वर्षांत वर गेलों नव्हतों. मग वाटेवरील बुरूज, बुरुजावरून दिसणारें गांव, त्यांतील आमची गल्ली, असें करीत आम्ही पाऊण तास बोललों. त्या बोलण्यांत आवाज तुटला नाहीं.

तेवढ्या अवधींत चुलीवरचें दूध उतूं गेलें, आणि तें गवळ्यानें त्या दिवशीं मापापेक्षां जास्त घातलें होतें, असें आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें आहे.